आहे त्याच ओळखीने

एडवणचे नीलेश चुरी आणि बेटेगावच्या चारुता यांचा विवाह माघात, वधूच्या अंगणात, दोन्हीकडच्या गावकऱ्यांच्या साक्षीने रीतसर पार पडला. साक्षीदारांनी अक्षता टाकल्या, जेवण केलं आणि वरणात मीठ कमी असल्याचंही नमूद केलं. तरीही हा विवाह झाला आहे असं शासनाला अद्याप वाटत नव्हतं. शासनाला तसं वाटावं म्हणून दोघं एका सोमवारी रजा टाकून पालघरच्या सुलभद्वार नोंदणी केंद्रात गेले.

घाई त्यांनाच होती. दोघंही तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला; नीलेश बॉयलरवर, चारुता प्रयोगशाळेत. कारखाना विवाहित कामगारांना दोन खोल्यांचं क्वार्टर देत असे, पण विवाहाचा दाखला आणल्यावर. तोवर नीलेश एडवणला काकांच्या घरी राहत होता आणि चारुता बेटेगावला आईवडिलांकडे. दोघांच्या पाळ्या उलट्या. तिची सुटायची तेव्हा त्याची लागायची. नवराबायकोची भेट व्हायची ती गेटवर, ती बाहेर पडताना आणि तो आत जाताना, तेही मागची माणसं ढकलेपर्यंत. लग्नाआधी ते यापेक्षा जास्त भेटत असत.

सुलभद्वार ही नवी सोय होती. पूर्वी प्रत्येक कामासाठी प्रत्येक खिडकीवर वेगळं खातं काढावं लागे, आणि त्याचा परवलीचा शब्द नागरिक घरी पोचेपर्यंत विसरत. मग वरच्या पातळीवर असा विचार झाला की, नागरिक कोण आहे हे शासनाने पुन्हा पुन्हा कशाला विचारायचं? तो कुठल्या तरी मोबाईलवर, कुठल्या तरी खात्याने, कुणाला तरी माहीत असतोच. त्यालाच विचारावं. त्यामुळे केंद्राच्या दारावर मोठी पाटी लागली होती: ‘नवे खाते नको, नवा परवलीचा शब्द नको. आहे त्याच ओळखीने आत या.’

केंद्राचे समन्वयक दिग्विजय सरनोबत हे अत्यंत सौजन्यशील गृहस्थ होते. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि यंत्रावरचं निळं बटण दाखवलं. नीलेशने ते दाबलं, स्वतःच्या मोबाईलवर आलेल्या प्रश्नाला ‘सहमत’ म्हटलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘स्वागत आहे, हेतल पारेख.’ शेजारी फोटो आला. काळा चष्मा लावलेल्या एक बाई महाबळेश्वरला हातात स्ट्रॉबेरी धरून उभ्या होत्या.

चारुताने बटण दाबलं. स्वागत तेच आलं. स्ट्रॉबेरीही तीच.

“वधूचं नाव?” सरनोबतांनी विचारलं.

“चारुता.”

“यंत्रात हेतल आहे. वराचं नाव?”

“नीलेश.”

“यंत्रात हेतल आहे.” सरनोबतांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे आपण दोघं एकच व्यक्ती आहात.”

“साहेब, आम्ही दोघं तुमच्या समोर बसलोय,” चारुता म्हणाली.

“मला दिसतंय, ताई. पण पाहण्याचं काम आता माझ्याकडे नाही. पूर्वी होतं. तेव्हा चुका फार व्हायच्या.”

“मग आमची नवी खाती काढून द्या.”

“नवीन खातं काढण्याची सोय नागरिकांच्या सोयीसाठी बंद करण्यात आली आहे.” हे वाक्य त्यांनी मोठ्या आपुलकीने उच्चारलं. मग त्यांनीच मार्ग सुचवला. “व्यक्तीने स्वतःशी विवाह करण्यास आमचा विरोध असा नाही. पण दाखल्यावर रकाने दोन आहेत. आपल्यापैकी एकाने दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीने या. काम लगेच होईल.”

हेतल पारेख कोण, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोईसरच्या नवापूर रस्त्यावर ‘हेतल मोबाईल’ नावाचं दुकान होतं. हेतलबेन गल्ल्यावर बसे आणि तिचे यजमान मेहुल मोबाईलची कव्हरं विकत. दोघंही पालघरहून थेट तिथे गेले. हेतलबेनने सगळं ऐकलं, हातातल्या फोनची काच बसवून संपवली आणि शांतपणे सांगितलं.

“नीलेशभाई, तुम्ही फोन घेतला तेव्हा तुमची ड्यूटी होती. म्हणाले, हेतलबेन, पाच मिनिटात चालू करून द्या. फोन चालू करायला खातं लागते. तुमचं नव्हतं. मी माझं टाकलं. बोलली होती ना, नंतर बदलून घ्या?”

“बोलला होतात,” नीलेश म्हणाला.

“सगळ्यांना बोलते. कोण बदलते?”

कुणीही बदललं नव्हतं. हेतलबेनच्या खात्यावर चालू झालेले फोन सहाशेच्या आसपास असावेत. त्या लोकांनी त्याच खात्याने पुढे गॅस नोंदवला, विजेचं बिल भरलं, दवाखान्यात नंबर लावला, रेशनची दुरुस्ती केली. प्रत्येक ठिकाणी ‘आहे त्याच ओळखीने पुढे जा’ असं विचारलं जाई आणि लोक पुढे जात. कारखान्याची हजेरीही त्याच ओळखीने लागत असे. त्यामुळे कारखान्याच्या दफ्तरी हेतल पारेख नावाच्या कर्मचारी दिवसा प्रयोगशाळेत आणि रात्री बॉयलरवर काम करत होत्या आणि त्यांचं नाव आदर्श कामगाराच्या पारितोषिकासाठी विचाराधीन होतं.

“आमचं तेवढं काढून टाका,” चारुता म्हणाली.

“एकाचं काढायला गेली तर सगळ्यांचं उडते,” हेतलबेन म्हणाली. “मागे मी पासवर्ड बदलला, तर दांडीपाड्याच्या एका म्हाताऱ्याचं ऑपरेशन थांबलं. तेव्हापासून मी हात लावत नाय.”

एडवणला नीलेशचे काका कृष्णकांत चुरी यांची पानवेलीची आणि केळीची वाडी होती. नीलेशचे आईवडील तो लहान असतानाच गेलेले. काकांनी आणि माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्याला वाढवलं. कृष्णकांत बागायतदारांच्या संस्थेचे जुने सभासद असल्याने संस्थेने त्यांचं स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या फोटोचं खातं काढून दिलं होतं. पंचक्रोशीत असं खातं असलेला माणूस विरळा. नीलेशने अडचण सांगताच काकांनी मोबाईल पुढे केला.

“घे. माझ्या ओळखीनं तुजं काम होत आसल तर ओळख ठेवून काय करायची हाय?”

मोबाईलवर एक लांबलचक मजकूर आला. सुलभद्वारला आपले नाव, छायाचित्र, पत्ता, मालमत्ता आणि वैवाहिक स्थिती पाहण्याची, वापरण्याची व आवश्यकतेनुसार बदलण्याची अनुमती आहे काय, असं त्यात विचारलं होतं. त्याखाली निळं बटण होतं. काकांनी ते दाबलं.

“काय लिवलंय ते वाचलं तरी का?” माईंनी विचारलं.

“वाचायचं नसतं गो ते. दाबायचं आसतं.”

दाखला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तो सुबक होता, त्यावर राजमुद्रा होती, आणि त्यात श्री. कृष्णकांत चुरी, राहणार एडवण, आणि श्रीमती हेतल पारेख, राहणार बोईसर, यांच्या विवाहाची नोंद झाल्याचं प्रमाणित केलं होतं. सुलभद्वारची एक जादा सोय अशी की शुभवार्ता दोन्ही पक्षांच्या संपर्कातल्या सर्वांना आपोआप पोचते. त्यामुळे दुपारपर्यंत बागायतदारांच्या संस्थेने गुच्छ पाठवला, आणि बोईसरला मेहुलभाईंच्या कव्हरांच्या टेबलापाशी येऊन लोक दबक्या आवाजात त्यांची विचारपूस करू लागले.

माईंनी मोबाईल लांब धरून दाखला वाचला.

“बाई कशी हाय?” त्यांनी नीलेशला विचारलं.

“माई, चूक झालीय. उद्या दुरुस्त होईल.”

“ते होईल तवा होईल. मी विचारलं, बाई कशी हाय.”

“चांगली आहे,” नीलेश म्हणाला. माईंनी मान हलवली आणि त्या आत जाऊन माशांना हळद लावू लागल्या. त्या दिवशी काकांना तुकडी शेपटाकडची मिळाली.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून सरनोबतांकडे गेले. सरनोबतांनी उठून कृष्णकांत आणि हेतल यांचं अभिनंदन केलं.

“साहेब, ही चूक आहे. दुरुस्त करा,” नीलेश म्हणाला.

“चूक असती तर जरूर केली असती. पण आम्ही कुणाची ओळख पटवतच नाही. पटलेली ओळख स्वीकारतो. आमच्याकडे चूक होऊ शकेल अशी कुठलीही कृती शिल्लक ठेवलेली नाही.” सरनोबतांनी दाखला उजेडात धरून पाहिला. “तरी उभयतांना नांदायचं नसेल तर विलग होण्याची तरतूद आहे. त्यासाठी समुपदेशन घ्यावं लागेल. समुपदेशकाचं पद रिक्त असल्याने अतिरिक्त कार्यभार माझ्याकडेच आहे. आपण बाहेर जाऊन त्या दाराने पुन्हा आत या.”

ते बाहेर जाऊन दुसऱ्या दाराने आत आले. सरनोबतांनी खुर्ची तेवढी फिरवली होती.

“भांडण कशावरून होतं?” त्यांनी विचारलं.

“भांडण नाय,” कृष्णकांत म्हणाले. “मी तर ह्यांना आज पयल्यांदा बघतो.”

“म्हणजे संवादाचा अभाव.” सरनोबतांनी टिपून घेतलं. “बाई, आपली तक्रार?”

“माझी काकांबद्दल काय तक्रार नाय,” हेतलबेन म्हणाली.

सरनोबतांचा हात थांबला. “पतीला काका म्हणणं हे दुराव्याचं लक्षण आहे. तरीही आपल्या बोलण्यात आदर जाणवतो. हा विवाह वाचवता येईल.” आणि त्यांनी पुढची तारीख दिली.

पुढची तारीख येईपर्यंत नोंद एका जागी थांबून राहिली नाही. एका माणसावर दोन पत्नी बसत नसल्याने यंत्राने जुनी नोंद आपण होऊन काढली, आणि एडवणच्या रेशनकार्डावर हेतल पारेख गृहिणी म्हणून दाखल झाल्या. माईंच्या नावापुढे ‘घरात आढळलेली इतर व्यक्ती’ असा शेरा आला. बोईसरला मेहुलभाई अविवाहित झाले. ते ज्या ॲपवर भाचीसाठी स्थळं पाहत, त्या ॲपला हे कळलं, आणि त्यांना वापीहून एक स्थळ सांगून आलं. मुलगी पदवीधर होती.

“काका, मला काय प्रॉब्लेम नाय,” मेहुलभाईंनी कृष्णकांतांना फोनवर सांगितलं. “पण घरी आई आहे. तिने फोटो पाहिला. तिला पसंत आहे.”

पण हेतल पारेख म्हणजे एकटी हेतलबेन नव्हती. तिच्या ओळखीने जे सहाशेजण ठिकठिकाणी आत शिरले होते, त्या सर्वांची वैवाहिक स्थिती एकाच पहाटे बदलली. बोईसर, बेटेगाव आणि पलीकडच्या पाड्यांवरची सहाशे माणसं, बायका, पुरुष आणि बारावीची काही मुलं धरून, एडवणच्या कृष्णकांत चुरींच्या विवाहित पत्नी झाली. नीलेशला हे कारखान्यात कळलं. त्याच्या हजेरीच्या पानावर पती म्हणून काकांचं नाव आलं होतं, म्हणजे तो स्वतःच स्वतःची काकी झाला होता. चारुताही त्याची काकी झाली होती. त्या दिवशी गेटवर दोघं भेटले.

“नमस्कार करू का वाकून?” तो म्हणाला.

चारुता हसली नाही. “मला फार काही नको होतं रे,” ती म्हणाली. “एका कागदावर तुझ्या नावाशेजारी माझं नाव पाहिजे होतं. आईकडे राहतेय म्हणून शेजारणी विचारतात, नांदायला कधी जाणार. त्यांना काय सांगू?” मागच्यांनी ढकललं आणि नीलेश आत गेला.

त्याच आठवड्यात एडवणला कृष्णकांतांच्या ओटीसमोर एक जोडपं येऊन उभं राहिलं. ती जमुना आणि तो तिचा नवरा सुका. डोंगराकडच्या पाड्यावर त्यांची पावसाच्या पाण्यावरची थोडी भातशेती होती. पीक निघालं की दोघं बोईसरला बांधकामावर येत. जुना मोबाईल त्यांनी हेतलबेनच्या दुकानातून घेतला होता.

“आमचा तांदूळ बंद केला,” जमुना म्हणाली. “दुकानवाला सांगतो, तुजा नवरा बागायतदार हाय, तुला फुकटचा तांदूळ नाय. मी बोलले, माजा नवरा हा बाजूला उबा हाय. तर बोलतो, हा नाय. नवरा एडवणला हाय, कृष्णकांत चुरी.” तिने ओटीवर बसलेल्या कृष्णकांतांना नीट न्याहाळलं. “ते तुमीच ना?”

“मीच,” कृष्णकांत म्हणाले.

“मग तांदूळ तुमी द्या.”

कृष्णकांतांनी सुकाकडे पाहिलं. सुका पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.

“मी पन तुमची बायको हाय,” तो हळूच म्हणाला. “मोबाईल मीबी तिथूनच घेतला. पन मी कुटं बोललो नाय. शरम वाटते.”

माई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, त्यांनी दोघांना पाणी दिलं आणि कोठीतून तांदूळ आणून जमुनेच्या ओच्यात ओतला. जमुना आणि सुका गेल्यावर कृष्णकांत म्हणाले, “तू कशाला दिला? मी काय खरंच…”

“खरं-खोटं मला ठावं नाय,” माई म्हणाल्या. “तुमी बटन दाबलंत. तुमच्या दाबण्यानं त्या बाईच्या घरची चूल विझली. मग तांदूळ कोणी द्यायचा? त्या साहेबानं?”

बातमी पाड्यापाड्यांवर पोचली. रोज कोणी ना कोणी येऊ लागलं. काही जणी माईंना सवत म्हणून नमस्कार करत आणि तांदूळ घेऊन जात. कोठी खाली होऊ लागली. वाडीतले केळीचे घड पिकायच्या आत उतरवले जाऊ लागले. कृष्णकांतांच्या जिवाला घोर लागला. ते वाडीत पानवेलींच्या आड जाऊन बसत आणि एसटीचा हॉर्न वाजला की दचकत.

आता काहीही करून वेगळं होणं भाग होतं, आणि त्यासाठी भांडायला हवं होतं. पुढच्या तारखेला जाताना रिक्षात माईंनी आणि मेहुलभाईंनी दोघांना शिकवून ठेवलं. सरनोबतांनी खुर्ची फिरवली. कृष्णकांतांनी घसा साफ केला.

“ही बाई चांगली नाय,” ते म्हणाले, आणि लगेच हेतलबेनकडे वळले. “राग मानू नका हां.”

“नाय नाय काका, बोला तुम्ही.” मग हेतलबेननेही शिकवलेलं आठवलं. “हे मला घरखर्चाला काय देत नाय. फक्त केळी आणली. आणि पानं.”

“पानं कधी आणली?” सरनोबतांनी विचारलं.

“आज. त्यांच्या वाडीची आहेत. फार कोवळी.”

सरनोबत बराच वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी वाचून दाखवलं: “उभयतांमध्ये लटका रुसवा आढळला. पती पत्नीसाठी स्वतःच्या वाडीतली पानं घेऊन येतो. विलग करण्यास कोणताही आधार नाही. उलट हे जोडपं इतरांना आदर्श म्हणून दाखवता येईल.”

“साहेब, मी हिची खरी बायको,” माई म्हणाल्या. रागाने त्यांची जीभ वळली होती. “ह्यांची. मी ह्यांची बायको. मला कोनी विचारनार हाय का?”

“आपण कोण?” सरनोबतांनी यंत्रात पाहिलं. “हां. इतर व्यक्ती. इतर व्यक्तींसाठी सूचनापेटी आहे, माई. बाहेर, कुंडीशेजारी.”

हेतलबेन मूळची लढाऊ बाई. तिने दुकान अर्धं बंद ठेवलं आणि आपल्या खात्यावरच्या एकेका माणसाला बोलावून त्याच्या वतीने तक्रार नोंदवायला सुरुवात केली. तक्रार एका ओळीची होती: ‘मी मी नाही.’ नवापूर रस्त्यावर रांग लागली. कामगार आपापसांत हिंदीत विचारत, “भाई, यहाँ किसका तलाक हो रहा है?” आणि कुणीतरी सांगे, “सबका.” यंत्राने तक्रारी नीट नोंदवून घेतल्या. एकाच बाईने तीच तक्रार शेकडो वेळा केली असून दर वेळी ती आपण नसल्याचं म्हणते, हे त्याच्या लक्षात आलं. वर्तन संशयास्पद ठरलं आणि हेतल पारेख यांची ओळख तहकूब झाली.

त्या सकाळी कारखान्याचं गेट चारुतासाठी उघडलं नाही. नीलेशसाठी आतून उघडलं नाही. तो बॉयलरपाशी अडकला. गॅसच्या गाड्या दारापर्यंत येऊन परत गेल्या. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या बायकांची नावं पुकारलीच गेली नाहीत. सुकाला बांधकामावर हजेरी मिळेना. लोक हेतलबेनच्या दुकानासमोर जमले, आणि प्रथमच त्यांच्यात संताप दिसला. तो शासनावर नव्हता.

“कुणी सांगितलं होतं तक्रार करायला?” एकाने विचारलं. “चाललं होतं ना सगळं?”

“नवरा कोण का असेना,” एक बाई म्हणाली, “गॅस येत होता.”

हेतलबेनने शटर खाली ओढलं. मेहुलभाई आत बसून वापीच्या मुलीला नकार कसा कळवावा याचा विचार करत होते. शटर वाजलं तसे ते उठले आणि बायकोशेजारी जाऊन नुसते उभे राहिले.

नेमक्या त्या दिवशी सुलभद्वार नोंदणी केंद्रही उघडलं नाही. समन्वयक दारात उभे होते आणि दार त्यांना ओळखत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात बोईसर स्टेशनात त्यांचा मोबाईल पाण्यात पडला होता, आणि नवापूर रस्त्यावरच्या एका दुकानात पाच मिनिटांत तो चालू करून मिळाला होता. ‘नंतर बदलून घ्या’ असं त्या बाई म्हणाल्याचं सरनोबतांना आता आठवलं. दाराच्या काचेवर मजकूर येत होता: ‘क्षमस्व, श्रीमती हेतल. आपण आपल्या पतीशी संपर्क साधावा.’

सरनोबत शिस्तीचे गृहस्थ होते. ते एसटीने एडवणला गेले. कृष्णकांत वाडीत केळीला पाणी सोडत होते. सरनोबत बूट काढून बांधावर बसले आणि प्रथमच मान खाली घालून बोलले.

“आपली अनुमती लागेल. पत्नीची ओळख पूर्ववत करण्यासाठी पतीची संमती चालते, अशी तरतूद आहे.”

“दिली तर काय होईल?”

“सगळं पूर्वीसारखं. गॅस, गेट, दवाखाना.”

“आनि हे सहाशे लोक?”

“आपल्याच पत्नी राहतील.” सरनोबतांनी घाम पुसला. “मीही.”

कृष्णकांतांनी पाण्याचा पाट दुसऱ्या सरीत वळवला. नीलेश अजून बॉयलरपाशी अडकलेला होता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मोबाईल मागितला. माई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“या खेपेला वाचा तरी,” त्या म्हणाल्या.

कृष्णकांत वाचू लागले. मजकूर बोटाने सरकवला तरी संपेना. केळीला पाणी जास्त होऊन सरीबाहेर वाहू लागलं. शेवटी सरनोबत म्हणाले, “मी स्वतः आजवर कधी शेवटापर्यंत गेलो नाही,” आणि कृष्णकांतांनी निळं बटण दाबलं.

सगळं पूर्ववत झालं. सरनोबतांनी ‘सर्व संबंधित समाधानी’ असा अहवाल पाठवून प्रकरण बंद केलं. समाधानाची खात्री करणारा निरोप सहाशे संबंधितांच्या वतीने हेतलबेनलाच आला होता, आणि तिच्यासमोर गिऱ्हाईक ताटकळत असल्याने तिने पाच तारे देऊन टाकले. जमुनेचा तांदूळ मात्र सुरू झाला नाही. तो एडवणहूनच जात राहिला. माईंनी वाडीचा एक तुकडा मोडून तिथे भात लावायचं ठरवलं.

क्वार्टरचाही निकाल लागला. कारखान्याने ते कृष्णकांत आणि हेतल या दांपत्याला मंजूर केलं होतं. चावी घ्यायला चारुता गेली तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, क्वार्टर फक्त हेतल पारेख यांनाच मिळेल.

“मीच ती,” चारुता म्हणाली, आणि मोबाईल पुढे केला. पडद्यावर स्ट्रॉबेरी उमटली. बाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा चारुताकडे, आणि चावी दिली. मागून नीलेश आला. तोही तीच निघाला. त्यालाही दुसरी चावी मिळाली.

नियमाप्रमाणे त्या क्वार्टरमध्ये एकच बाई राहते. ती सकाळी प्रयोगशाळेत जाते, रात्री बॉयलरवर, आणि आठवड्याच्या सुट्टीला स्वयंपाकघरात स्वतःशीच बोलत, हसत बसलेली शेजाऱ्यांना ऐकू येते. चारुताने दाखल्याचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त एकदा, दारावर पाटी लावायची वेळ आली, तेव्हा ती हातोडी घेऊन उभी राहिली आणि मग तिने पाटीशिवाय नुसता खिळा ठोकून ठेवला.

पुढे ज्येष्ठ पौर्णिमा आली. सुलभद्वार आता केवळ पालघरपुरतं राहिलं नव्हतं. यशस्वी प्रयोग म्हणून ते सगळीकडे लागू झालं होतं. त्या दिवशी सकाळी सर्व नोंदणीकृत पत्नींना एक निरोप गेला: ‘आपला सध्याचा जोडीदार पुढील सात जन्मांसाठी कायम ठेवण्यात येत आहे.’ खाली एकच बटण होतं. हेतलबेनने गिऱ्हाईकासमोर ते दाबलं, सुकाने बांधकामाच्या परातीआड, सरनोबतांनी दार उघडावं म्हणून. एडवणच्या वडापाशी माई सूत घेऊन गेल्या, पण वडाला फेरे न घालता त्या नुसत्याच पारावर टेकल्या. जिला निरोप आला नव्हता अशी तिथे त्या एकट्याच होत्या.

निरोप तुम्हालाही आला होता. तुम्ही तेव्हा दुसरंच काहीतरी उघडायला निघाला होतात, मध्येच ते आडवं आलं, आणि तुम्ही ते बाजूला सारलं. कशाने सारलं, ते आता आठवणार नाही. निळं होतं.